मामांचा झरा आणि आमच्या गल्लीतला पूर

मार्चमध्ये मित्राच्या मामांकडं गेलो होतो, गगनबावड्याच्या जरा अलीकडं. कोल्हापुरातून बाईकवर बालिंगा, कळे, असळज, दोन्ही बाजूला ऊसच ऊस, आणि असळज सोडलं की डोंगर एकदम अंगावर येतात. आमच्या शहरात वर्षाला साधारण 1000 मिमी पाऊस, इथं 5000 च्या वर, अंतर फक्त 55 किमी. आणि मामींच्या दारात पहिलं काय दिसलं तर टँकरची वाट बघत मांडलेली बॅरलं.

"पूर्वी मिरगापर्यंत झरा आटत नव्हता बघा, आता शिमग्यालाच संपतंय," मामा म्हणाले. "वरचं रान काढलं, जेसीबी फिरवला, तवापास्नं."

मग चढलोच वर. वर जांभ्याचा सडा आहे, म्हणजे उघडं दगडी पठार. जांभा भोकाभोकाचा दगड, पावसाचं पाणी पितो, आत खाली चिकट मातीचा थर लागला की पाणी आडवं सरकत सरकत डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडतं, महिनोन्महिने. पण आधी ते आत तर गेलं पाहिजे! झाडं काढून सपाट केलेल्या जागेवर लाल माती फरशीसारखी घट्ट झालेली, मी बाटलीतलं पाणी ओतलं तर ते लाल होऊन उतारानं पळालं. तिथनं पंधरा मिनिटांवर गावची देवराई. पालापाचोळ्यात पाय घोट्यापर्यंत रुतत होते, उरलेलं पाणी तिथं ओतलं तर कुठं गेलं कळलंच नाही. त्या राईखालचा झरा अजून चालू आहे, करंगळीएवढी धार, पण चालू.

मी कोल्हापुरातल्या शाहूपुरीचा. 2019 आणि 2021 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली (धोका पातळी 43), दोन्ही वेळा आमच्या गल्लीत पाणी. पूर आला की आम्ही राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले ते मोजत बसतो, पण पंचगंगेला पाणी देणाऱ्या कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती ज्या उतारांवरून येतात तिथं वर काय चाललंय हे कधी विचारलंच नव्हतं. जे पाणी डोंगरात मुरत नाही तेच जुलैत लगेच खाली येतं आणि तेच मार्चमध्ये झऱ्याला कमी पडतं, हे मला त्या बाटलीमुळं पटलं.

आठवडाभर धुवांधार कोसळला आणि जमीन तुडुंब भरली की जंगलातनंसुद्धा पाणी वाहणारच, तेवढा पूर राई अडवू शकत नाही, हे खरंय. आणि झाडं स्वतःही पाणी पितात, म्हणून कुठलीही भराभर वाढणारी रोपं लावली की झरा परत येईल असंही नाही. मुरवते ती राईखालची भुसभुशीत माती, आणि ती व्हायला पिढ्या जातात. म्हणून आहे ते राखणं जास्त महत्त्वाचं वाटतं मला.

निघताना मामींनी राईखालच्या झऱ्याचं पाणी बाटलीत भरून दिलं. जुलैत भर पावसात परत जाणार आहे, दोन्ही ओढ्यांचं पाणी शेजारी शेजारी ठेवून बघायचंय, राईखालचं आणि त्या सपाटीखालचं.