तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, मग करेन का उठले?

ब्रह्मदेशाचा विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. ४ जानेवारी १९४८ रोजी इंग्रज गेले आणि जेमतेम वर्षभरात करेन या तिथल्या अल्पसंख्य समाजाने आपल्याच सरकारविरुद्ध शस्त्रे उचलली, ती का? या प्रश्नात कृतघ्नतेचा आरोप दडलेला असतो, आणि तो मला मान्य नाही.

१९४२ साली जपान्यांबरोबर आलेल्या बर्मी स्वातंत्र्यसेनेने इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात, विशेषतः म्याउंगम्याच्या परिसरात, करेनांची गावे जाळली आणि माणसे मारली. नवे राज्य ज्यांच्या हाती जाणार होते, त्यांच्याविषयीची करेनांची आठवण ही होती. १९४६ साली त्यांचे शिष्टमंडळ वेगळ्या राज्याची मागणी घेऊन लंडनला गेले आणि रिकाम्या हाताने परतले. फेब्रुवारी १९४७ मध्ये पांगलाँग येथे बर्मी स्वातंत्र्यलढ्याचे नेते आँग सान यांनी शान, काचिन आणि चिन या सीमाभागातील समाजांच्या नेत्यांशी एका संघात येण्याचा करार केला, तेव्हा करेन प्रतिनिधी केवळ निरीक्षक होते. आणि ज्यांच्या शब्दावर निदान काही जणांचा विश्वास होता, त्या आँग सान यांचीच जुलैमध्ये हत्या झाली. शिवाय त्रिभुज प्रदेशात करेन आणि बर्मी गावे इतकी मिसळलेली होती की वेगळ्या राज्याची सीमा कोठेही आखली, तरी हजारो लोक नको त्या बाजूला राहिले असते. करेनांच्या मागणीतली ही अडचण खरी होती, ती नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही युद्ध अटळ होते असे मला वाटत नाही. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे सरसेनापती स्मिथ डन हे स्वतः करेन होते, आणि १९४८ मध्ये कम्युनिस्टांचे बंड उसळले तेव्हा करेन पलटणी सरकारच्या बाजूने लढल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस करेन वस्त्यांवर निमलष्करी टोळ्यांचे हल्ले झाले, जानेवारी १९४९ अखेर रंगूनलगतच्या इन्सीनमध्ये लढाईला तोंड फुटले, आणि स्मिथ डन यांना दूर करून त्यांच्या जागी बर्मी सेनाधिकारी ने विन आले.

शान लोकांची कहाणी मला याहून महत्त्वाची वाटते. १९४७ च्या राज्यघटनेने शान आणि करेन्नी (करेनांहून वेगळा समाज) राज्यांना दहा वर्षांनंतर संघातून बाहेर पडण्याचा हक्क दिला होता. देश फुटेल या भीतीने आज ज्या तरतुदीचे नावही कोणी काढू देणार नाही, तीच तरतूद असताना शान नेते संघात राहिले. पुढे सैन्याचा जाच वाढला, १९५८ नंतर काही शान तरुण जंगलात गेले. पण बहुतेक नेत्यांनी १९६१ मध्ये मागितली ती खरी संघराज्यीय घटना, फारकत नव्हे. ने विन यांनी हा फरक मानलाच नाही. संघराज्यामुळे देश फुटेल असे कारण पुढे करून २ मार्च १९६२ रोजी लष्कराने सत्ता घेतली. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, शान सरदार साओ श्वे थाइक यांना अटक झाली. त्यांचा कोवळा मुलगा त्याच रात्री गोळीला बळी पडला, आणि नोव्हेंबरमध्ये ते स्वतः कैदेत वारले. १९६४ साली ज्यांनी शान बंडखोर सेनेचे नेतृत्व हाती घेतले, त्या साओ नांग हर्न खाम त्यांच्या पत्नी होत्या.