नऊ आठवडे न जेवलेली गुंडी

बॉल पायथन, म्हणजे पाळला जाणारा छोटा अजगर, महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, हे मला तोंडपाठ होतं. पण रात्री अंधारात, मेलेला उंदीर चिमट्यात धरून टँकसमोर उकिडवं बसलं की पाठ केलेलं काही कामाला येत नाही. आमची गुंडी नऊ आठवडे जेवली नव्हती.

टँक, झाकणाचं कुलूप, दोन हाइड (सापाला लपायच्या खोपट्या), खालून हीट मॅट, तिची ऊब ठरावीक ठेवायला थर्मोस्टॅट, हे सगळं ती यायच्या आधीच लावून ठेवलं होतं. आल्यावर आठवडाभर हात लावला नाही. पहिले दोन उंदीर तिने निमूट गिळले. मग पहिली कात टाकली, तीही तुकड्यातुकड्यांनी. म्हणजे हवा कोरडी. म्हणून मी उत्साहाने तळाशी कोकोपीटचा चार इंच थर दिला. आर्द्रता साठाच्या वर गेली, मी खूश. आणि बाईसाहेबांनी खाणं सोडलं.

आता मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. दर दोन दिवसांनी उंदीर दाखवला. मोठा दाखवला, लहान दाखवला. ती हाइडमध्ये दडून बसली की हाइड उचलून 'बरी आहेस ना?' असं बघितलं. एकदा तर उंदराचं नाक तिच्या ओठांना टेकवलं. तिने डोकं वेटोळ्यात खुपसलं आणि सकाळपर्यंत काढलं नाही. बॉल पायथन हे नावच मुळी घाबरला की चेंडू होतो म्हणून पडलंय, आणि मी दिवसाआड तिचा चेंडू करत होते.

शेवटी डॉक्टर गाठले. त्यांनी आधी वजन विचारलं. नशिबाने किचनच्या वजनकाट्यावर दर आठवड्याला डब्यात बसवून मोजत होते. ६४० ग्रॅमवरून ६१८. म्हणजे साडेतीन टक्केही उतरलं नव्हतं. ते म्हणाले, "दहा टक्के उतरलं, तोंडाशी फेस आला किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला तर लगेच या. तोवर उंदीर नाचवणं बंद करा." मला रागच आला. मी काय हौस म्हणून नाचवत होते? मग त्यांनी विचारलं, "ती बसते तिथली जमीन किती गरम आहे?"

"बत्तीस."

"मोजलीत, की थर्मोस्टॅटवर वाचलीत?"

वाचली होती. घरी येऊन इन्फ्रारेड टेम्परेचर गन गरम बाजूच्या हाइडमध्ये धरली, तर २६. काचेवर चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर शेजारीच २९ दाखवत होता. तो त्याच दिवशी कचऱ्यात टाकला. थर्मोस्टॅट खोटं बोलत नव्हता. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, मॅट आणि काच यांच्यामध्ये होता आणि तिथे ३२ होतंच. पण वर मी चार इंचांची गादी घातली होती, ऊब वर पोचणार कुठून? सापाला बाहेरून ऊब मिळाली नाही तर गिळलेलं पचत नाही. जमीन थंड असताना तिने खाल्लं असतं, तर बहुधा ओकून टाकलं असतं, आणि एकदा ओकल्यावर निदान दोन आठवडे काही द्यायचं नसतं. थोडक्यात, घरात शहाणी तीच होती.

माझ्या मनात पहिलं आलं ते थर्मोस्टॅट वाढवायचं. ते मुळीच करू नका. साप कोकोपीट उकरून थेट काचेवर जाऊन बसतो आणि खालची काच तापलेली असेल तर पोट भाजतं. भाजत असतानाही तो बऱ्याचदा हलत नाही. गरम होणारे दगड मिळतात, तेही याच कारणासाठी नकोत. मी मॅट काढली आणि वरून सिरॅमिक हीटर लावला, त्याला जाळीचा पिंजरा केला, नाहीतर साप त्यालाच वेटोळं घालतो. गरम बाजूची जमीन ३२, थंड बाजू २६, रात्रीही २४च्या खाली नाही.

इथे आणखी एक घोळ झाला. तिने रात्री फिरताना प्रोब ढकलून पाण्याच्या भांड्यात टाकला. प्रोब गार, म्हणून हीटर अखंड चालू. सकाळी जमीन ३९! ती थंड बाजूच्या हाइडमध्ये होती म्हणून वाचली. थंड बाजूलाही हाइड हवाच तो यासाठी, आणि दोन्ही अंगाला चिकटतील इतके अडचणीचे. प्रोब आता क्लिपने भिंतीला पक्का केलाय. टँकच्या आत चिकटपट्टी कधीच नको, खवल्यांना चिकटली तर सोडवताना कातडी निघते. वरच्या हीटरने हवा कोरडी होते, म्हणून कोपऱ्यांतल्या कोकोपीटमध्ये पाणी सोडते आणि जाळीचं अर्धं झाकण बंद ठेवते.

मग चौदा दिवस मी फक्त पाणी बदललं. टँकवर चादर टाकून ठेवली.

उंदराची जाडी तिच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढी असावी. तिला ४० ग्रॅमच्या आसपासचा लागतो. गोठवलेला उंदीर पिशवीत बंद करून रात्रभर फ्रीजमध्ये वितळवायचा, मग पिशवीसकट गरम पाण्यात. मायक्रोवेव्हमध्ये नाही, आतून शिजतो आणि फुटतो. शेवटी डोक्याकडची बाजू जास्त गरम करायची, मी ३८ होईपर्यंत थांबते. तिच्या वरच्या ओठांवर ऊब ओळखणारे खळगे असतात, गार उंदीर त्यांना उंदीर वाटतच नाही. जिवंत उंदीर नको, तो सापाला चावतो.

पंधराव्या रात्री दिवे बंद करून उंदीर हाइडच्या तोंडाशी धरला. जीभ बाहेर आली, आत गेली. मान इंग्रजी एससारखी मागे आली. मी श्वास रोखला. आणि फटकन! चिमट्याला हिसका बसला, दोन वेटोळी पडली. वीस मिनिटांनी तोंडाबाहेर फक्त सुतळीएवढी शेपटी राहिली, मग तीही गेली.

वहीत तारीख टाकली. वजन करायला हात शिवशिवत होते, पण दोन दिवस उचलायचं नसतं. हो, आणि उंदीर हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय टँकमध्ये घालू नका. उजव्या अंगठ्यावरचे चार टिपके त्याच रात्रीचे आहेत.