किलिमांजारो आणि सफारी एकत्र करताय? आधी उतराईचा हिशेब करा

टांझानियात '6 दिवस किलिमांजारो पर्वत, लगेच 3 दिवस सेरेंगेटी अभयारण्य' ही आखणी दिशाभूल करणारी आहे. चढाईबद्दल सगळे भरभरून सांगतात, उतराईबद्दल आणि दुसऱ्या दिवशीच्या सफारीच्या जीपबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

किलिमांजारोच्या माचामे मार्गाला 7 दिवसच द्या. 6 दिवसांत करांगाचा मुक्काम कापला जातो. बरांको कॅम्पहून थेट बराफू कॅम्पला (सुमारे 4,650 मीटर) नेतात आणि त्याच मध्यरात्री शिखरासाठी उठवतात. झोप झालेली नसते, अन्न जात नाही, आणि धडधाकट माणसंही शिखराआधीच्या स्टेला पॉइंटखालून परत फिरतात. बरांकोच्या भिंतीची मात्र उगाच धास्ती घालतात. सह्याद्रीतले कातळटप्पे चढलेल्यांना तिथे काहीच अडणार नाही.

खरी वाईट जागा म्हणजे स्टेला पॉइंट ते बराफू. रात्री गोठलेला घसारा (सुटी खडी-माती) ऊन चढलं की सुटतो, पाऊल घोट्यापर्यंत रुततं आणि धुळीने घसा सोलवटतो. उहुरू हे शिखर 5,895 मीटरवर, उतरतानाचा म्वेका कॅम्प सुमारे 3,100 वर. म्हणजे रात्रभर चढून त्याच दिवशी जवळपास 2,800 मीटर उतार! उतराई संपते त्या म्वेका गेटला पोचता तेव्हा कुठे कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर येता. दोन काठ्या हव्यातच, उतरताना त्या 5 ते 10 सेंटीमीटर लांब करा. गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंतची आवरणं) घाला, पायाची नखं आधीच कापा, बुटाची नाडी घोट्याशी घट्ट आवळा, नाहीतर अंगठ्याची नखं काळी पडतील. नाकातोंडावर बफ (नळीसारखा रुमाल) ठेवा. पाण्याच्या पिशवीची नळी वर गोठते, म्हणून बाटली घ्या आणि उलटी ठेवा, म्हणजे तोंडाशी बर्फ धरणार नाही.

सफारी ट्रेकनंतरच करा, पण मध्ये पायथ्याच्या मोशी गावात एक दिवस पूर्ण आराम हवा. मोशी ते सेरोनेरा (सेरेंगेटीचा मध्यभाग) म्हणजे आख्खा दिवस प्रवास, त्यात न्गोरोंगोरोपुढचा रस्ता हाडं खिळखिळी करणारा. मांड्या भरून आलेल्या असताना हे करू नका. तीनच दिवस असतील तर सेरेंगेटी सोडा. जुलै ते ऑक्टोबरमध्ये तारांगिरे अभयारण्य आणि न्गोरोंगोरो विवर करा, फेब्रुवारीत न्दुतूचा परिसर. तेव्हा विल्डबीस्ट या आफ्रिकी कुरंगांची पिल्लं तिथेच जन्मतात. तारांगिरेत निळे-काळे कपडे नकोत, चावणाऱ्या त्से-त्से माश्या त्यांवर येतात.

आता पैसे. पर्वतावर संवर्धन शुल्क दिवसाला 70 डॉलर, कॅम्पिंग रात्रीला 50, बचाव शुल्क एकदाच 20, वर 18 टक्के व्हॅट. 7 दिवसांचे हेच साधारण 955 डॉलर होतात. बाराशे डॉलरचं पॅकेज कोणी देत असेल, तर उरलेल्या पैशांत जेवण, वाटाडे आणि हमाल बसतच नाहीत. ती कपात हमालांच्या मजुरीतून होते. असं पॅकेज घेऊ नका. हमालांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्टच्या भागीदार यादीतली कंपनी निवडा.

न्गोरोंगोरो विवरात उतरायचं शुल्क व्हॅटसह 295 डॉलर, आणि ते गाडीमागे असतं. माणशी मागितलं तर ती सरळ लूट आहे. प्रवेश परवाना 24 तासांचा असतो. गेटवर उशीर झाला तर पुढच्या दिवसाचे पैसे लागतात. ते कोण भरणार, हे लेखी घ्या.

टांझानियात प्लास्टिक पिशव्यांवर 2019 पासून बंदी आहे. सॅकमध्ये कपडे पिशव्यांत गुंडाळायची आपली सवय तिथे चालणार नाही, ड्रायबॅग (पाणी न शिरणारी कापडी पिशवी) घ्या. हमालाकडे द्यायचं सामान 15 किलोच्या आत, मऊ डफल बॅगेत. केनियातल्या नैरोबीत उतरून रस्त्याने जाणार असाल तर पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी टोचून घ्या. मलेरियासाठी डॉक्सीसायक्लिन घेतलीत तर बर्फावरच्या उन्हात कातडी भाजते, डॉक्टरांना पर्याय विचारा. विम्यात 6,000 मीटरपर्यंतचा ट्रेक स्पष्ट लिहिलेला हवा.