बुडखा आणि शेंडा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न एकच असतो, विचारणारे बदलतात. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचकमिटीवर नव्यानं निवडून आलेला तरुण विचारतो, सांगलीची मैत्रीण फोनवर विचारते, आणि परवा संडे स्कूलच्या शिक्षिकांनी विचारलं: "बाई, मंडळीतलं माणूस आध्यात्मिक दृष्टीनं वाढतंय की नाही, हे तुम्ही ओळखता कसं? आणि वाढत नसेल तर करता काय?"

मला विचारतात, कारण माझी सगळी नोकरी मूल्यमापनात गेली. प्राथमिक शाळेत मी तेहतीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर कोल्हापुरातल्या आमच्या मंडळीनं मला वडील, म्हणजे मंडळीची देखरेख करणारी पदाधिकारी, म्हणून निवडलं. (आमच्याकडे या पदावरच्या बाईलाही 'वडील'च म्हणतात.) त्यामुळे लोकांना वाटतं की बाईंकडे मोजपट्टी असणार. होती. त्या मोजपट्टीचं काय झालं तेच आधी सांगते.

२०१० पासून महाराष्ट्रातल्या शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक म्हणजे शिकवता शिकवता केलेलं, संकलित म्हणजे सत्राच्या शेवटचं, आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी. 'स्वतःहून प्रश्न विचारतो', 'गटात मिसळून काम करते', असं. कल्पना फार चांगली होती. मुलाला गुण देऊन मोकळं न होता त्याच्याकडे बघा, असंच ती सांगत होती. पण वर्षभरातच स्टेशनरीच्या दुकानांत तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, आणि चाळीस मुलांच्या वहीत त्याच आठ-दहा ओळी आलटून पालटून उतरायला लागल्या. मीही काही वर्षं उतरवल्या. मुलाकडे न बघता लिहिलेली नोंद कितीही सुंदर असली तरी खोटी असते, हे मला तेव्हा कळलं होतं. तरीही वडील झाल्यावर दुसऱ्याच वर्षी मी मंडळीसाठी वीस प्रश्नांची एक पत्रिका तयार केली. रोज किती मिनिटं प्रार्थना करता? महिन्यातून किती उपासनांना येता? वर्षात पवित्र शास्त्राचे किती अध्याय वाचले? महिला मंडळ, तरुण संघ, कॉटेज मीटिंग (घरोघरची प्रार्थनासभा) यांपैकी कशात भाग घेता? प्रत्येकाला पाच गुण, एकूण शंभर.

त्या पत्रिकेत एक बाई सगळ्यांत खाली आल्या. रुग्णालयात आया म्हणून रात्रपाळी करायच्या, रविवारी सकाळी ड्यूटीवरून येऊन झोपायच्या. 'रोज किती मिनिटं प्रार्थना' यापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'माहीत नाही'. कमिटीत त्यांचं नाव 'मागे पडलेले' या यादीत वाचलं गेलं. ती यादी माझ्या हातची होती. पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "मिनिटं कशी सांगू बाई? सतरा खाटा हायत वार्डात. रात्री फेरी मारताना एकेका खाटेपाशी थांबून त्या माणसासाठी मनात बोलते. फेऱ्या किती होतात ते पेशंटवर हाय."

मी त्या संध्याकाळी घरी येऊन पत्रिकेचा गठ्ठा बंबात घातला. त्या बाईंची कमिटीसमोर माफी मागितली, कारण नाव कमिटीसमोर गेलं होतं.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा चूक कुठे होती ते दिसलं. बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाबद्दल सांगितलंय: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊ गोष्टी, आणि माझ्या वीस प्रश्नांत त्यातली एकही नव्हती. का नव्हती? कारण यातली बहुतेक दिसायला दुसरं माणूस लागतं. सहनशीलता एकट्यानं खोलीत बसून दिसत नाही. ती सासूला दिसते, शेजाऱ्याला दिसते, दुकानात काम करणाऱ्या पोराला दिसते. मी मोजत होते ती मंडळीच्या कार्यक्रमांना मिळालेली दाद. आमच्या कामाचा तो हिशेब होता, आणि मी तो सभासदांच्या नावावर लिहीत होते. शिकागोजवळच्या विलो क्रीक या फार मोठ्या मंडळीनं आपल्या लोकांची पाहणी करून २००७ मध्ये उघडपणे मान्य केलं होतं की कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणून देवावरची आणि माणसांवरची प्रीती वाढतेच असं नाही. त्यांना मोठी पाहणी लागली, मला एका घरचा चहा पुरला.

मग काय, ओळखायचंच नाही का? काही जण तसं म्हणतात. "अंतःकरण देव बघतो, आपण कोण?" मला हे पटत नाही. ज्याला कुणी विचारतच नाही ते माणूस एकटं पडतं, आणि 'देव बघतो' म्हणून आपण मोकळे होतो. विचारलं पाहिजेच. कसं विचारायचं, ते मला एका शेतकऱ्यानं शिकवलं.

ते आमच्या मंडळीतले, करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठाला त्यांची शेती. त्यांच्या परवानगीनं सांगते, नाव सोडून. माझ्या त्या पत्रिकेत त्यांना सगळ्यांत जास्त गुण होते. एकही रविवार चुकवलेला नाही, प्रार्थना अशी करायचे की मागच्या बाकावरच्या पोरांची कुजबूज थांबायची. मी गेले तेव्हा त्यांचा आडसाली ऊस तोडीला आला होता. आडसाली म्हणजे जुलै-ऑगस्टची लागण, सोळा-अठरा महिने रानात उभा. मी आपली म्हटलं, "केवढा उंच झालाय हो!" ते म्हणाले, "उंचीचं काय घिऊन बसलाय बाई. युरिया वडला की उंच व्हतोय. कारखान्यात गेल्यावर उताराच पडत न्हाई."

मग त्यांनी समजावून सांगितलं. उतारा म्हणजे उसातून निघणारी साखर. ऊस तयार झाला की नाही ते ब्रिक्सवर, म्हणजे रसाच्या गोडीच्या आकड्यावर, ठरतं. रसाचा एक थेंब त्या दुर्बिणीसारख्या छोट्या नळीच्या काचेवर टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. पण थेंब एकाच ठिकाणचा घेऊन चालत नाही. बुडख्याकडचा रस आधी गोड होतो, शेंडा शेवटपर्यंत फिका असतो. "बुडख्याचा आकडा बघून खूश व्हायचं न्हाई. शेंड्याचा आकडा बुडख्याच्या जवळ आला की मग तोड."

हे सांगून झाल्यावर ते बांधावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बांधापलीकडच्या उसाकडे हात करून म्हणाले, "त्यो भावाचा. बारा वर्सं झाली, बोलणं न्हाई."

मी त्यांना वचन ऐकवलं नाही. पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, सांगू का, असंही विचारलं नाही. मला एवढंच उमगलं की प्रत्येकाचा शेंडा वेगळा असतो. गोडी जिथे अजून पोचलेली नाही ते टोक. कुणाचं ते भावाच्या बांधावर असतं, कुणाचं गल्ल्याच्या पेटीत, कुणाचं सुनेशी बोलण्याच्या स्वरात. माझं टोक म्हणजे माणसाचं ऐकून घेण्याआधी त्याला श्रेणी देण्याची सवय; ती शाळेतून माझ्याबरोबर मंडळीत आली होती. तेव्हापासून मी 'किती' हा प्रश्न सोडला. 'कुठवर पोचलं' एवढाच धरला. आणि तो ज्याचा त्यानंच पाहायचा असतो. आपण फक्त शेजारी बसायचं, म्हणजे बघायला धीर येतो.

हे काही मी नव्यानं काढलेलं नाही. १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलला धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर प्रार्थनागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. एकानं सुचवलं, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, गरिबांना ते कसं जमेल? तेव्हा पहिला म्हणाला की अकरा सर्वांत गरीब माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्यांना जमणार नाही त्यांची पेनी मी भरीन. अशा टोळ्या पडल्या. आणि वर्गणीसाठी घरोघर जाणाऱ्यांना वर्गणीपेक्षा वेगळंच दिसायला लागलं: हा बायकोशी भांडताना सापडला, तो दारू पिऊन. वेस्लींच्या लक्षात आलं की आपल्याला जे हवं होतं ते हेच. त्यातून साधारण बारा-बारा जणांचे वर्ग उभे राहिले आणि दर आठवड्याला एकमेकांच्या जिवाची विचारपूस सुरू झाली. मला यात सगळ्यांत मोलाची वाटते ती ती पेनी. विचारायला जाणारा माणूस आधी स्वतःच्या खिशात हात घालून गेला होता.

याच्या उलट उदाहरणही आमच्याच घराण्यातलं आहे. कोल्हापुरात १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आले आणि पुढे इथलं मिशनचं काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या हाती चाललं. त्या परंपरेचं मूळ स्कॉटलंडात. तिथे सोळाव्या शतकापासून प्रभुभोजनाआधी (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) पाळक आणि वडील लोकांची परीक्षा घ्यायचे आणि पात्र ठरलेल्याला धातूचं, बहुतेक शिशाचं, एक बिल्ल्यासारखं नाणं द्यायचे. ते दाखवल्याशिवाय मेजाशी जागा नाही. हेतू वाईट नसेल. पण ज्याला नाणं मिळालं नाही त्याच्याकडे पुढच्या आठवड्यात कोण गेलं? माझ्या यादीचंही तेच झालं होतं.

आता आम्ही काय करतो ते विचाराल. फार काही नाही. दोघंदोघं जातो, बाईच्या घरी बाया. आधी कळवून जातो. वही उघडत नाही. घरी आल्यावर फक्त प्रार्थनेचा विषय लिहितो, तोही त्यांनी 'लिहा' म्हटलं तर, आणि ती वही कमिटीत वाचली जात नाही. यावर कमिटीत वाद झाला होता. मी अडून बसले, आणि पुन्हा अडून बसेन. दान आणि वर्गणीचा हिशेब खजिनदाराकडे राहतो, भेटीला जाणाऱ्याला तो दाखवत नाही, नाहीतर कमी देणाऱ्याच्या घरी आपला आवाजच बदलतो. ज्यांना वाचता येत नाही त्या म्हाताऱ्यांना नारायण वामन टिळकांची भजनं तोंडपाठ आहेत. त्यांच्याशी आम्ही भजनाच्या ओळीवरूनच बोलतो, आणि खरं सांगते, शास्त्राभ्यासाच्या वर्गात झालं नाही इतकं बोलणं तिथे होतं. नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या पोरांना एकेका वडीलधाऱ्याशी जोडून दिलंय. पंधरा दिवसांतून एक फोन. काही जोड्या जमल्या, काही जमल्या नाहीत.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ आहे, म्हणजे काय झालं असेल बघा. त्या वेळी हजेरीपट कामाला आला नाही. कुणाकडे खाटेवरचं माणूस आहे, कुणाला इन्सुलिन लागतं, कुणाचा मुलगा परगावी आहे, हे भेटीला जाणाऱ्या जोड्यांना माहीत होतं. हॉलमध्ये भाकऱ्या थापायला ज्या बाया रात्रीपर्यंत उभ्या राहिल्या, त्यांतल्या निम्म्या माझ्या जुन्या पत्रिकेत पन्नासच्या खाली होत्या.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मालक तीन वर्षं फळ बघायला येतो, मिळत नाही, म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, धनी, यंदाचं वर्ष राहू द्या, मी त्याच्याभोवती खणून खत घालतो. मालकाचं मूल्यमापन चुकीचं नव्हतं. फळ खरंच नव्हतं. पण मालकाच्या हातात कुऱ्हाड होती आणि माळ्याच्या हातात कुदळ. मला विचारायला येणाऱ्या नव्या वडिलांना मी हेच विचारते: ज्याच्याबद्दल तुम्ही 'वाढ नाही' म्हणताय, त्याच्या बुंध्याशी तुम्ही शेवटचं कधी खणलंत? उत्तर आलं नाही तर आम्ही तो विषय तिथेच थांबवतो आणि त्या घराचा पत्ता काढतो.

त्या शेतकऱ्याचं पुढे काय झालं, असं परवा शिक्षिकांनी विचारलं. भावाशी अजून बोलणं नाही. मी चार-पाचदा गेले, पाळकसाहेब गेले. गेल्या वर्षी भावाचा पाय मोडला तेव्हा यांच्या घरून डबा जात होता, तो यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या हातून, हे स्वतः गेले नाहीत. मात्र गेल्या महिन्यात प्रभुभोजनाच्या रविवारी एक गोष्ट घडली. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे वाचलं की प्रत्येकानं स्वतःची परीक्षा करावी. मी त्या बाजूला प्याल्यांचं तबक घेऊन गेले. इतक्या वर्षांत हा माणूस कधी चुकलेला नाही. मी तबक पुढे केलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि शेजारच्याकडे बोट केलं.

उपासनेनंतर कमिटीतल्या एकानं मला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं, "त्यांनी घेतलं नाही. विश्वासात ढिले पडले का? भेटायला जायचं का?"

"जायचं," मी म्हटलं. "पण आजच नको. आज ते घरी नसतील." फाटकाबाहेर त्यांनी मोटरसायकल सुरू केली होती. वहिनी मागे बसलेल्या नव्हत्या. त्या आमच्याबरोबर रिक्षानं निघाल्या, आणि वाटेत मी त्यांना काही विचारलं नाही.