जुन्या स्लॅबची खडी

गेल्या उन्हाळ्यात सांगलीच्या विश्रामबागेतील एक दुमजली आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटची) इमारत पाडायचे ठरले, तेव्हा तिचे काँक्रीट ओढ्याकाठी ओतण्याऐवजी क्रशरवर न्यावे, असा आग्रह मी मालकांपाशी धरला. काँक्रीटच्या खडी-वाळूसाठीच्या आयएस ३८३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार जुन्या काँक्रीटपासून काढलेली खडी आरसीसी कामात एम २५ ग्रेडपर्यंत ('एम'पुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो) २० टक्के, सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम १५ पेक्षा कमी ग्रेडच्या कामात पूर्ण १०० टक्के वापरता येते. विटा, टाइल्स आणि गिलावा मिसळलेल्या राडारोड्याला मात्र आरसीसीची मुभा नाही. म्हणून आम्ही आधी भिंती आणि फरशा उतरवल्या, नंतर स्लॅब फोडला. ठेकेदाराला ते जिकिरीचे वाटले, पण खडीचा दर्जा ठरतो तो पाडकामातच, क्रशरवर नव्हे.

खरी अडचण पाण्याची आहे. आपल्या भागातील काळ्या पाषाणाची खडी पाणी फारसे शोषत नाही. जुन्या खडीला चिकटून राहिलेले सिमेंट-वाळूचे कवच मात्र सच्छिद्र असते. नव्या बांधकामाच्या पहिल्याच घाण्यात माल घट्ट झाला आणि मिस्त्री म्हणाले, "साहेब, ही खडी पाणी पितेय." ते अगदी बरोबर होते. एका घनमीटरमध्ये ११५० किलो खडी धरली, तर २० टक्के म्हणजे २३० किलो, आणि तिचे शोषण ५ टक्के असेल तर सुमारे साडेअकरा लिटर पाणी खडीच्या पोटात जाते. ते भरून काढण्यासाठी कामगाराने अंदाजाने बादली ओतली, तर पाणी-सिमेंटचे प्रमाण कुठे जाईल याचा नेम राहत नाही. मानकाने अशा खडीला १० टक्क्यांपर्यंत शोषणाची सूट दिली आहे, पण मिश्रणाआधी ती भिजवून घेण्याच्या अटीवर. पुढच्या घाण्यांसाठी आम्ही खडी आदल्या संध्याकाळी भिजवली, रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवली आणि सकाळी वरचे पाणी निथळल्यावरच वापरली. माल सरळ झाला.

क्रशरवरची बारीक भुकटी मी घेतली नाही, कारण जुने सिमेंट तिच्यातच अधिक साठते. त्या खडीचे काँक्रीट आम्ही एम २० मध्ये प्लिंथ बीम (जोत्याची तुळई) आणि कंपाउंडच्या कॉलमसाठी वापरले, आणि २८ दिवसांच्या क्यूब चाचणीत (काँक्रीटचा ठोकळा दाबून ताकद मोजतात ती) ते उतरले.

मालकांचा उत्साह इतका वाढला की पुढे आलेल्या गॅलरीतही तीच खडी घालावी, असे ते म्हणू लागले. तिथे मी नकार दिला. क्यूबची ताकद मिळाली तरी अशा काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे भाराखालचा ताठपणा, कमी भरतो, आकुंचन आणि दीर्घकालीन झुकाव वाढतो, आणि एका बाजूनेच आधार असलेल्या स्लॅबचे टोक त्यामुळे काही वर्षांनी खाली येऊ शकते. गॅलरीसाठी नवीन खडी आणली.