औषधांच्या दुकानातली तिजोरी

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या ज्या गावात मी फार्मसिस्ट आहे, तिथली वस्ती साताऱ्याकडच्या एका मोठ्या सोसायटीएवढी. गावाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर मी कोण ते दोन मिनिटांत कळेल. दुकानाच्या मागे आमची कोठीची खोली आहे. तिला वीतभर जाड लोखंडी दार आणि आत खोकल्याच्या औषधांची खोकी. कामावर पहिल्या दिवशी विचारलं, हे दार कशाला? उत्तर मिळालं, "ते पहिल्यापासूनच आहे."

पुढे पाच वर्षं मीही तेच उत्तर देत होते. मग गेल्या वर्षी इथल्या छोट्या म्युझियमने मेन स्ट्रीटवरच्या जुन्या इमारतींचं माहितीपत्रक काढायचं ठरवलं. म्युझियम सांभाळणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना नाही म्हणता येत नाही. "तुमच्या इमारतीचं तुम्हीच लिहा, ऐंशी शब्द पुरे," म्हणाल्या. त्या ऐंशी शब्दांना सात महिने लागले.

पहिला प्रश्न, मुळात गाव इथे का वसलं? हे सोपं होतं. ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीने 1908 च्या सुमारास इथून रेल्वे नेली आणि स्टेशनांना चक्क इंग्रजी बाराखडी लावल्यासारखी नावं दिली. फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जास्मिन, केलिहर असं करत करत वॉट्रस, झीना (Xena), यंग, झेल्मा. घोडागाडीतून धान्य आणून शेतकरी त्याच दिवशी घरी परतला पाहिजे, या हिशेबाने दर काही मैलांवर स्टेशन आणि त्याला लागून धान्याचे उंच लाकडी एलेव्हेटर, म्हणजे कोठारं. रुळांना समांतर रेल्वे अव्हेन्यू आणि स्टेशनच्या समोरून निघणारी मेन स्ट्रीट. आखणी ठरलेली, कागदावर नाव तेवढं बदलायचं.

दुसरी पायरी मालकीच्या कागदांची. इथे शहरी जागेला लॉट नंबर, ब्लॉक नंबर आणि प्लॅन नंबर असतो. प्रॉपर्टी कार्डासारखंच समजा. रद्द झालेल्या प्रत्येक टायटलवर, म्हणजे मालकीपत्रावर, त्याच्या आधीच्या टायटलचा क्रमांक असतो, म्हणजे फेरफार धरून मागे मागे जायचं. मी उत्साहाने फी भरली आणि ब्लॉकचा आकडा चुकवला. दोन आठवडे शेजारच्या न्हाव्याच्या दुकानाचे मालक शोधत बसले होते. योग्य उतारे आले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. त्यांत जागा कोणाची ते असतं, आत धंदा कोण करत होतं ते नसतं. एकच नाव तीस वर्षं, आणि तो गृहस्थ राहायला भलत्याच प्रांतात.

मधल्या काळात बाईंनी एक शक्यता बोलून दाखवली, ही इमारत पूर्वी बँक असावी, आणि मी पुरती वाहवत गेले. कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्सने 1906 पासून प्रेअरीवर, म्हणजे इथल्या गवताळ मैदानी मुलखात, तयार बँका उभारल्या होत्या. डार्लिंग आणि पिअर्सन या टोरांटोच्या वास्तुविशारदांचं डिझाइन, व्हँकुव्हरच्या लाकूड कंपनीने कापलेले भाग, ते रेल्वेने यायचे आणि गावात जुळवले जायचे. वॉटसन गावात अशी एक बँक अजून उभी आहे, राष्ट्रीय वारसा स्थळ म्हणून. आमचीही तशीच असणार! मी सुट्टीच्या दिवशी वॉटसनला जाऊन फोटोही काढून आले. दर्शनी खांब, वर त्रिकोणी कपाळपट्टी. आमच्या दुकानाला यातलं काहीही नाही. पण माणसाला एकदा पटलं की दिसायला लागतं. मला आमच्या सपाट पत्र्यामागेही खांब दिसू लागले.

जमिनीवर आणलं ते हेंडरसनच्या डिरेक्टरीने. अशा जुन्या डिरेक्टऱ्या अल्बर्टा विद्यापीठाने स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. त्यांत एकेका गावाची नोंद सापडते, लोहार कोण, लाकडाची वखार कोणाची, बँक कुठली. आमच्या गावात बँक होती, पण कॉमर्स नव्हे, दुसरीच.

मग गावच्या कार्यालयातली घरपट्टीची रजिस्टरं. आपल्या ग्रामपंचायतीचा नमुना आठ ज्याने पाहिला आहे त्याला ही लगेच कळतील. तळघरात, बर्फ ढकलायच्या फावड्यांशेजारी ठेवलेली. दोन शनिवार तिथे खुर्ची टाकून बसले. आमच्या लॉटवर सलग काही वर्षं इमारतीचं मूल्य, मग एका वर्षी नुसतीच जमीन, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा इमारत, वेगळ्या आकड्याची. इमारत एक वर्ष गेली कुठे?

जळाली. सगळी मेन स्ट्रीटच लाकडाची, समोरून दुमजली भासणारी खोटी भिंत आणि मागे बैठं घर, आत कोळशाची शेगडी, बाहेर गोठलेली विहीर. ऑनलाइन ठेवलेल्या जुन्या साप्ताहिकात बातमी मिळाली: फेब्रुवारीतली रात्र, चार दुकानं खाक, बँकेच्या तिजोरीची विटांची खोली तेवढी शाबूत. नव्या मालकाने ती पाडण्याचा खर्च वाचवला आणि तिच्याभोवतीच नवं दुकान बांधलं.

खात्री पटली ती आगीच्या विम्याच्या नकाशावरून. हे नकाशे काढण्याचा धंदा चार्ल्स गोड यांनी 1875 मध्ये माँट्रियलला सुरू केला (आडनावाचा उच्चार अगदी आपल्या गोडसारखाच). नकाशात लाकूड पिवळं, वीट गुलाबी. सस्कॅटूनला जाऊन प्रत पाहिली. पिवळा लांबट आयत, त्याच्या मागच्या कोपऱ्यात नखाएवढा गुलाबी चौकोन. माझी कोठीची खोली. टेबलावर बोट ठेवून मी किती वेळ उभी होते कोण जाणे, शेवटी ग्रंथपालाने येऊन विचारलं, ठीक आहात ना?

इथे थांबायला हरकत नव्हती. पण रजिस्टरात रस्त्यापलीकडच्या कॅफेची ओळ सारखी डोळ्यांत येत होती. प्रेअरीवरच्या कितीतरी गावांत कॅफे चिनी माणसाचा असे. आमच्याकडे त्याचं नाव दर वर्षी वेगळं लिहिलेलं, कधी आडनाव आधी, कधी नंतर, आणि दोन वर्षं तर नुसतंच ‘चायनामॅन’. या माणसांना 1903 पासून देशात शिरतानाच 500 डॉलर कर होता, आणि 1923 पासून 1947 पर्यंत दार जवळजवळ बंदच. सस्कॅचवानने 1912 मध्ये तर चिनी मालकाला गोरी बाई कामावर ठेवायलाही मनाई केली. मूस जॉ शहरातल्या क्वाँग विंग या हॉटेलवाल्याला त्याबद्दल दंड झाला, आणि 1914 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. हे सगळं कॅफेच्या ऐंशी शब्दांत बसेना. बाईंना म्हटलं, बँकेचे चाळीस कापा, इकडे द्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि कापले.

त्याच्या नावाचं काय लिहायचं यावर मात्र वाद झाला. बाईंचं म्हणणं, एक पक्कं करून टाका. मी रजिस्टरातली सगळी रूपं छापायला लावली. पत्रकात ती ओळ जरा विचित्र दिसते.

आता हार्डवेअरच्या दुकानाचे उतारे मागवलेत, या वेळी ब्लॉक नंबर तीनदा तपासून. त्याच्या तळघरात म्हणे बोलिंगची गल्ली होती.