द्रासचा स्प्लिंटर आणि ९ टक्के

मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक आहे, स्वतःपण माजी सैनिकच. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे नुसती झुंबड, हयातीचे दाखले, स्पर्शला (पेन्शनचं पोर्टल) लॉगिन होत नाही, अंगठा लागत नाही, दिवसभर हेच. त्या गर्दीत एक रिटायर्ड नाईक आले, डावा पाय ओढत, सोबत वहिनी. दाखल्याचं काम झालं, पण मी सवयीने पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, चाळला तर डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे अपंगत्वापोटी मिळणारा पेन्शनचा भाग, ३० टक्के अपंगत्वावर धरलेला. विचारलं, पायाला काय झालं? म्हणाले, "द्रासला स्प्लिंटर लागला साहेब, ९९ ला."

म्हणजे कारगिलची लढाई. हे ऐकलं आणि बाकीची लाईन मी सहकाऱ्याकडे दिली. शत्रूच्या माऱ्यात झालेली जखम म्हणजे कॅटेगरी ई, तिला वॉर इंज्युरी पेन्शन असते, आणि ह्यांना मिळत होतं ते साधं, ड्युटीवर पडला-झडला तर मिळतं ते. १०० टक्के अपंगत्वाला साधं एलिमेंट शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, वॉर इंज्युरीचं ६०, म्हणजे सरळ दुप्पट. वर राऊंडिंग वेगळंच, ५० च्या खालचं अपंगत्व ५० धरतात, आणि पूर्ण नोकरी करून रिटायर झालेल्यांनाही ते लागू आहे हे सुप्रीम कोर्टाने राम अवतार केसमध्ये डिसेंबर २०१४ लाच सांगितलंय. ह्यांना दोन्ही नाही. ६० चे निम्मे, म्हणजे पगाराचे ३० टक्के मिळायला हवेत तिथे माणूस ३० चे ३० टक्के, म्हणजे ९ टक्के घेतोय, आणि पाय ३० टक्के गेला म्हणून ३० टक्के मिळतंय, बरोबरच आहे, अशी त्यांची समजूत.

पण नुसतं सांगून भागत नाही, कागद लागतो. मेडिकल बोर्डाच्या कागदावर जखम नोकरीमुळे झाली एवढंच, लढाईचा उल्लेखच नाही. बॅटल कॅज्युअल्टीचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लढाईत जखमी झाल्याची फौजेची लेखी नोंद, हवा होता. वहिनी म्हणाल्या पत्र्याच्या पेटीत जुने कागद आहेत पण हे कुणाला हात लावू देत नाहीत. पुढच्या वेळी त्याच ते कागद पिशवीत भरून घेऊन आल्या, आणि त्यात ९२ बेस हॉस्पिटलच्या डिस्चार्जच्या कागदाखाली तो ऑर्डर निघाला, घडीवर फाटलेला, ऑप विजय (कारगिलच्या मोहिमेचं नाव) स्पष्ट वाचता येत होतं. नाईकसाहेब म्हणाले, "ह्याचे पैसे मागायला नको वाटतं, माझ्या सेक्शनमधले दोघं तिथंच राहिले." वहिनी ताडकन म्हणाल्या, "त्यांच्या घरी त्यांची पेन्शन पोचते. तुमचा पाय रात्री मी चोळते." मग ते काही बोलले नाहीत, सही केली.

रेकॉर्ड ऑफिसने नाही म्हटलं, अपील फेटाळलं, शेवटी आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलला जावं लागलं आणि तिथे निकाल आमच्या बाजूने लागला, पण थकबाकी अर्ज केल्याच्या आधीच्या तीनच वर्षांची. त्याच्या मागची सगळी वर्षं गेली. मला हे अजून सहन होत नाही, बॅटल कॅज्युअल्टीची नोंद फौजेनेच केली होती, मग ती शोधायची जबाबदारी जखमी माणसावर का?

आता नाईकसाहेबांनी त्यांच्या पलटणीतल्या एकाला माझ्याकडे पाठवलंय. त्याच्या कागदात पार्ट टू ऑर्डरच नाहीये, म्हणून हॉस्पिटलच्या रेकॉर्डसाठी आरटीआय टाकलाय आणि त्यावेळच्या कंपनी कमांडरचा पत्ता शोधतोय.